कण्याचं गुपित सांगून गेलेला डॉक्टर

गेवराई तालुक्यातल्या आमच्या उमापुरात मी बऱ्याच वर्षांपासून शिवणकाम करते. ब्लाऊज, पंजाबी ड्रेस आणि जून आला की शाळेचे गणवेश. मापं घेताना रोज किती पाठी, किती खांदे टेपाखालून जातात. कुणाचा एक खांदा उतरता, कुणाला पोक, कुणाची कंबर एका अंगाला जास्त आत. आरशाच्या आधी ते शिवणाऱ्या बाईला कळतं.

अशीच एक मुलगी. सातवीत होती. तिचा कुर्ता शिवला तर घेर एका बाजूने वर उचलला गेला. मला वाटलं, आपलंच कापणं चुकलं. उसवला, पुन्हा माप घेतलं, तर उजवा खांदा डाव्यापेक्षा बोटभर उंच आणि त्या खांद्यामागचं हाड वर आलेलं. तिच्या आईच्या कानावर घातलं. ती म्हणाली की पोरगी दप्तर एकाच खांद्याला अडकवते, त्याने होत असेल. पण ताई, दिसायला नको असं काहीतरी शिवा, उद्या तिला उजवायची आहे. मी तसंच केलं. डाव्या खांद्यात पातळ पॅड घातलं, घेर एका अंगाला बेताने कापला. कुर्ता झकास बसला. पुढची दोन वर्षं मी तिचे कपडे असेच शिवत राहिले. आईबाप दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जायचे, मुलगी आजीजवळ राहायची. तिची पाठ कुणी नीट पाहिलीच नाही. एकटीने पाहिली होती, आणि तिने ती कापडाखाली झाकली होती. ती एकटी म्हणजे मी.

नववीत तिला पळताना दम लागायला लागला, तेव्हा छत्रपती संभाजीनगरच्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं. मीही सोबत गेले. त्यांनी आधी कुठलंच यंत्र लावलं नाही. मुलीला पाय जुळवून उभं केलं, दोन्ही तळहात जोडून पुढे वाकायला सांगितलं, आणि स्वतः मागे स्टुलावर बसून पाहिलं. उभ्या पाठीवर जो थोडासा उंचवटा वाटत होता, तो वाकल्यावर उजव्या अंगाला ढिगासारखा वर आला. माझ्या पोटात धस्स झालं. मग एक्स-रे काढला. कण्याला आलेला बाक बराच पुढे गेला होता. पट्ट्याने थोपवण्याची वेळ निघून गेली होती.

त्या वाकून पाहण्याला अ‍ॅडम्सची चाचणी म्हणतात. दीडशे वर्षांहून जुनी ही तपासणी, आणि तिच्यामागे एका प्रसिद्ध डॉक्टरचा स्वतःचाच कणा आहे, असं डॉक्टरबाईंनी बोलता बोलता सांगितलं. त्यांचं नाव गिडियन मॅन्टेल. पोरांच्या पुस्तकात आपण डायनोसॉरची चित्रं पाहतो ना, त्या प्राण्यांची जगाला पहिल्यांदा ओळख करून देणाऱ्यांपैकी हे एक. घरी आल्यावर ते नाव काही डोक्यातून जाईना. त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत गेले. आज त्यांचीच गोष्ट सांगते.

मॅन्टेल जन्मले ३ फेब्रुवारी १७९० रोजी, इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या ससेक्स भागातल्या लुईस नावाच्या गावात. वडील जोडे शिवायचे. घर तिथल्या राजमान्य ख्रिस्ती पंथातलं नव्हतं, त्यामुळे गावच्या चांगल्या शाळेतल्या फुकटच्या जागा या हुशार पोराला बंद होत्या. एका म्हाताऱ्या बाईने आपल्या घरीच मुलांना शिकवायला घेतलं होतं, तिच्याकडे गिडियन लिहा-वाचायला शिकला. पंधराव्या वर्षी गावातल्या एका डॉक्टरच्या हाताखाली उमेदवारीला लागला. औषधाच्या बाटल्या धुवायच्या, पुड्या लावायच्या, गोळ्या वळायच्या, अशी सुरुवात. पुढे लंडनच्या रुग्णालयात शिकून १८११ मध्ये डॉक्टरकीचा परवाना मिळवला आणि परत लुईसलाच आला.

गावात देवी, विषमज्वर, पटकीच्या साथी यायच्या. कधी कधी दिवसाला पन्नासच्या वर रोगी. वर्षाला दोनशे-तीनशे बाळंतपणं. रात्री-बेरात्री घोड्यावर बसून खेड्यापाड्यांत जायचं. आणि एवढं करून उरलेल्या वेळात हा माणूस खाणींमध्ये दगड धुंडाळायचा! त्या भागातल्या खडकांत फार जुन्या काळचे शिंपले, मासे, हाडं दगड होऊन बसलेली असतात. लहानपणापासून त्यांचं वेड. बायको म्हणून आली ती मेरी अ‍ॅन वुडहाऊस. १८१६ मध्ये लग्न झालं तेव्हा ती जेमतेम विशीची होती.

या मेरी अ‍ॅनबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. नवऱ्याचं १८२२ मध्ये पुस्तक निघालं, त्यातली दगडांची, शिंपल्यांची, हाडांची चित्रं तिने कोरली होती. चार लेकरं, रोग्यांची ये-जा, घरभर दगड, आणि त्यातून ती हे करत होती. गोष्ट अशीही सांगतात की नवरा एका रोग्याला पाहायला गेला असताना बाहेर फेऱ्या मारणाऱ्या मेरी अ‍ॅनलाच रस्त्याकडेच्या खडीत तो पहिला मोठा दात सापडला. इतिहास अभ्यासणाऱ्यांना ही गोष्ट तंतोतंत खरी वाटत नाही. मॅन्टेल यांनी आधी बायकोला श्रेय दिलं आणि उतारवयात मात्र दात आपल्यालाच मिळाले असं लिहिलं. चित्रं मात्र तिचीच, त्याबद्दल वाद नाही.

तो दात घेऊन मॅन्टेल मोठमोठ्या विद्वानांकडे गेले. कुणी म्हटलं माशाचा आहे. पॅरिसचे क्युव्हिए म्हणजे त्या काळचा शेवटचा शब्द, त्यांनी तो गेंड्याचा ठरवला. खेड्यातल्या डॉक्टरचं कोण ऐकणार? पण मॅन्टेल यांनी नाद सोडला नाही. लंडनच्या सर्जन मंडळींच्या संग्रहालयात एका माणसाने त्यांना इग्वानाचा सांगाडा दाखवला. इग्वाना म्हणजे आपल्याकडच्या घोरपडीसारखा दिसणारा परदेशी सरडा. दात हुबेहूब तसेच, फक्त कितीतरी पट मोठे. १८२५ मध्ये त्यांनी त्या नामशेष प्राण्याला नाव दिलं, इग्वानोडॉन. म्हणजे इग्वानासारख्या दातांचा. क्युव्हिए यांनीही आपली चूक कबूल केली. डायनोसॉर हा शब्द पुढे १८४२ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी काढला, तेव्हा ज्या प्राण्यांना तो लावला त्यांत मॅन्टेल यांचा इग्वानोडॉन होता.

यात एक गंमत आहे. या प्राण्याचं एक टोकदार हाड मॅन्टेल यांना मिळालं होतं. त्यांनी ते नाकावरचं शिंग समजून चित्रात नाकावर बसवलं. पुढे १८७८ मध्ये बेल्जियमच्या एका कोळशाच्या खाणीत पुरे सांगाडे सापडले, तेव्हा कळलं की ते शिंग नव्हतं, तो अंगठा होता. हाडाची जागा बाहेरून ओळखणं एवढं अवघड! त्यांच्या स्वतःच्या पाठीच्या बाबतीतही पुढे हेच व्हायचं होतं.

नाव झालं, पण घराची घडी विसकटत गेली. १८३३ मध्ये ते ब्रायटन या मोठ्या शहरात राहायला गेले. घराचं जवळजवळ संग्रहालयच झालं. लोक हाडं बघायला यायचे, औषधाला कुणी येईना. कर्ज झालं. १८३८ मध्ये आयुष्यभराचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला चार हजार पौंडांना विकावा लागला. १८३९ मध्ये मेरी अ‍ॅन घर सोडून गेली. त्याच वर्षी थोरला मुलगा दूर न्यूझीलंडला निघून गेला. १८४० मध्ये दीर्घ आजारानंतर लेक हॅना गेली. अभ्यासापायी घर हातातून सुटतं ते असं, हे वाचताना मला मेरी अ‍ॅनचाही राग आला नाही आणि त्यांचाही आला नाही. वाईट मात्र वाटलं.

आणि १८४१ च्या ऑक्टोबरात तो अपघात. लंडनमध्ये क्लॅपहॅम भागातल्या मैदानाजवळून घोडागाडीतून जाताना ते खाली पडले, लगामात अडकले आणि फरफटत गेले. त्यानंतर पाठीने त्यांना सुख म्हणून दिलं नाही. चालताना कमरेत वाकायचे, पाय बधिर व्हायचे, रात्र रात्र झोप नाही. कमरेजवळ पाठीवर एक फुगवटा दिसू लागला. स्वतः डॉक्टर, आजूबाजूला लंडनचे नावाजलेले डॉक्टर, पण सगळ्यांना तो फुगवटा म्हणजे गाठ किंवा गळू वाटत राहिला. कण्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही, कारण पाठीवरून बोट फिरवलं तर मणक्यांची टोकं जवळजवळ सरळ रांगेत लागत होती. वेदना सोसवेना म्हणून अफू घ्यायचे. तशाही अवस्थेत ते लिहीत राहिले, व्याख्यानं देत राहिले. १० नोव्हेंबर १८५२ रोजी अफूची मात्रा जास्त झाली आणि त्यातच ते गेले. वय बासष्ट.

मरणानंतर शरीर तपासलं, तेव्हा खरं काय ते दिसलं. गाठ नव्हती, गळू नव्हतं. कमरेतला कणा भयंकर वाकलेला होता आणि वाकता वाकता स्वतःभोवती फिरला होता. बाहेरून गाठ वाटत होती ती फिरलेल्या मणक्यांची बाजूची हाडं होती. त्यांनी वरचं मांस मागे ढकललं होतं. कण्याचा तो भाग लंडनच्या सर्जन मंडळींच्या संग्रहालयात ठेवला गेला. ज्या संग्रहालयात मॅन्टेल यांनी इग्वानाचा सांगाडा पाहिला होता, तिथेच. शंभराहून जास्त वर्षं तो तिथे होता. पुढे विसाव्या शतकात जागा पुरेना म्हणून काढून टाकला.

विल्यम अ‍ॅडम्स या लंडनच्या सर्जनने त्या कण्याचा अभ्यास केला आणि १८५४ मध्ये तो वैद्यकातल्या लोकांपुढे मांडला. त्यांचं म्हणणं असं, की आत कणा कितीही वाईट वाकलेला असला तरी वरून मणक्यांची रांग सरळ दिसू शकते. का? तर पाठीवर बोट फिरवताना आपल्याला लागतात ती मणक्यांची फक्त मागची टोकं. कणा एका बाजूला वाकतो तेव्हा मणके फिरतात आणि ही टोकं बाकाच्या आतल्या बाजूला वळतात. त्यामुळे आतला बाक मोठा असला तरी बाहेर थोडाच दिसतो. शिवणाऱ्या बाईला हे पटकन कळेल. कुर्त्याची बटणपट्टी बाहेरून सरळ दिसते, पण आत अस्तराला पीळ बसलेला असतो, तसंच.

मग हा पीळ ओळखायचा कसा? मणक्यांना दोन्हीकडे बरगड्या जोडलेल्या असतात. मणका फिरला की एका अंगाच्या बरगड्या मागे उचलल्या जातात, दुसऱ्या अंगाच्या दबतात. माणूस पुढे वाकला की हा चढ-उतार उघडा पडतो. अ‍ॅडम्स यांचं कण्याच्या बाकावरच्या व्याख्यानांचं पुस्तक १८६५ मध्ये आलं आणि वाकवून पाहण्याच्या तपासणीला त्यांचंच नाव पडलं. विशेष म्हणजे रॉन्टगेन यांनी एक्स-रे शोधला तो १८९५ मध्ये. म्हणजे ही तपासणी एक्स-रेच्या तीस वर्षं आधीची.

एक्स-रे आल्यावर बाक अंशात मोजता येऊ लागला, आणि आजही पक्कं निदान त्यानेच होतं. पण त्याचीही एक बाजू बायकांनी ऐकून ठेवायला हवी. पूर्वी अमेरिकेत कण्याला बाक असलेल्या मुलींचे वाढत्या वयात पुन्हा पुन्हा एक्स-रे काढले जायचे. अशा ५,५७३ बायकांचा पुढे अभ्यास झाला, तो २००० मध्ये प्रसिद्ध झाला. सरासरी एकेकीचे पंचवीसच्या आसपास एक्स-रे झाले होते, आणि स्तनाच्या कॅन्सरने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा सुमारे १.७ पट होते. ती यंत्रं जुनी होती, त्यांचा मारा जास्त होता. आता मारा फार कमी झालाय, आणि फोटो पाठीमागून घेतात म्हणजे छातीवर कमी किरण पडतात. तेव्हा डॉक्टरांनी गरज म्हणून सांगितलेला एक्स-रे टाळू नका. पण धडधाकट शाळकरी पोरींचे सरसकट एक्स-रे काढणं योग्य नाही. आधी वाकवून पाहायचं, शंका आली तरच पुढे जायचं. बाहेरून पाहण्यात किरण नाहीत, दुखणं नाही, पैसा नाही.

या पाहण्याला मदत करणारी साधनंही निघाली आहेत. गवंड्याच्या लेव्हलसारखी एक पट्टी असते, आत छोटी गोळी. वाकलेल्या पाठीवर आडवी ठेवली की किती अंश कल आहे ते दिसतं. अमेरिकेतल्या बनेल नावाच्या डॉक्टरांनी ती १९८४ च्या सुमाराला पुढे आणली. कल पाच ते सात अंशांच्या वर गेला तर हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवतात. आता मोबाईलवरही अशी मोजणी होते. जपानमध्ये पाठीवर प्रकाशाच्या पट्ट्या टाकून दोन्ही बाजू सारख्या आहेत का ते पाहण्याची पद्धत शाळांमधून वापरली गेली. तत्त्व सगळ्यांचं एकच, पीळ बाहेरून ओळखायचा.

मॅन्टेल यांचं दुखणं मोठेपणचं होतं. आपल्या पोरींचं वेगळं असतं. दहा वर्षांपुढच्या मुलामुलींत शंभरात दोन-तीन जणांना असा बाक असतो. बहुतेकांचा छोटाच राहतो, त्याला काही करावं लागत नाही. पण जो वाढत जातो तो मुलींमध्ये मुलांपेक्षा खूप जास्त. आणि तो बहुतेक वेळा दुखत नाही! म्हणूनच घरात कळत नाही. उंची झपाट्याने वाढते त्या एक-दोन वर्षांत, म्हणजे पाळी सुरू होण्याच्या आगेमागे, बाकही झपाट्याने वाढतो. बहुतेक मुलींत कारण सापडत नाही. दप्तराने होत नाही, पाण्याच्या कळशीने होत नाही, आईने काही खायला घातलं नाही म्हणून तर नाहीच नाही. तेव्हा पोरीला बोल लावू नका आणि स्वतःलाही नको. चोळून, मोडून, कुणाकडून बसवून घेऊन हा बाक सरळ होत नाही.

वेळेत सापडला तर मात्र उपाय आहे. अंगाला लावायचा कडक पट्टा असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पट्टा लावलेल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या हद्दीपर्यंत गेला नाही. नुसतं लक्ष ठेवलेल्यांत हेच प्रमाण ४८ टक्के होतं. जितके तास पट्टा, तितका गुण जास्त. पण पट्ट्याचा उपयोग हाडं वाढत असेपर्यंतच. आमच्या त्या मुलीच्या बाबतीत नेमकी हीच दोन वर्षं मी पॅडखाली घालवली.

घरी कसं पाहायचं ते सांगते. मुलगी दहा वर्षांची झाली की एकदा, बाराची झाली की पुन्हा एकदा. मुलगा असेल तर तेरा-चौदाव्या वर्षी. दार लावून घ्या, पाठ उघडी हवी. आधी सरळ उभी करून मागून पाहा. खांदे एका पातळीत आहेत का? खांद्यामागची हाडं सारखी आहेत का? हात सैल सोडल्यावर हात आणि कंबर यांच्यातली फट दोन्हीकडे सारखी आहे का? मग पाय जुळवून, गुडघे न वाकवता, तळहात जोडून हळूहळू पुढे वाकायला सांगा. तुम्ही मागे खाली बसा, डोळे तिच्या पाठीच्या पातळीत आणा. आधी खांद्याजवळ पाहा, मग मधे, मग कमरेजवळ. एक अंग दुसऱ्यापेक्षा उंच दिसलं तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. उंच दिसलं म्हणजे आजारच आहे असं नाही, पण दाखवायला हवं. आणि पाठीत सतत दुखत असेल, पाय बधिर होत असतील, चालताना तोल जात असेल तर थांबूच नका.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला सुरू झाला. त्याचं डॉक्टरांचं पथक शाळेत तपासणीला येतं. ते आलं की आपल्या पोरीची पाठ वाकवून पाहा एवढं सांगायला लाजू नका. ज्या आया ऊसतोडीला जातात त्यांनी जाण्याआधी एकदा पाहून जावं, किंवा मागे राहणाऱ्या आजीला, मावशीला दाखवून ठेवावं.

आणि लग्नाचं म्हणाल, तर ज्या भीतीने आपण झाकतो तीच पुढे वाढते. कण्याला बाक असलेल्या बहुतेक बायकांचे संसार होतात, लेकरं होतात. वेळेत दाखवलं तर बाक लहानच राहण्याची शक्यता जास्त. झाकला तर तो कापडाखाली वाढत राहतो.

त्या मुलीची पुढे शस्त्रक्रिया झाली. सरकारी योजनेतून बराच खर्च निघाला, तरी आईबापाला उचल घ्यावीच लागली. आता ती बरी आहे, कॉलेजला जाते. परवा ड्रेस शिवायला आली होती. माप घेताना पाठीवरच्या उभ्या टाक्यांच्या खुणेवरून माझं बोट गेलं. ती काही बोलली नाही, मीही बोलले नाही. दोन्ही खांदे सारखे भरले, पॅड लागलं नाही.

हल्ली दहा-बारा वर्षांची पोरगी माप द्यायला आली की टेप लावण्याआधी मी तिला एकदा पुढे वाकायला सांगते. सोबत आलेल्या आईलाही मागे बोलावते आणि दोघी मिळून पाहतो.